तुमचाही बायोडेटा द्या: चाकणच्या एच.आर. साहेबांना खुलं पत्र

प्रति,
चाकण औद्योगिक वसाहतीतल्या लहानमोठ्या कंपन्यांचे एच.आर. अधिकारी, आणि त्यांना माणसं पुरवणारे कंत्राटदार

विषय: तुम्ही आमच्या पोरांची जाहिरात मागता, स्वतःची मात्र देत नाही, याबाबत

साहेब, मॅडम, सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण माझं टायपिंग तुमच्या टेबलावर रोज येतं. चाकणमध्ये माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. लातूर, बीड, नांदेड, परभणी, बुलढाण्याची पोरं स्टँडवर उतरतात, आता बिहार-ओडिशाकडचीही येतात. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी अशी फिरून खोली बघतात, पाच-सहा जणांत गादी टाकायला जागा मिळाली की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या काउंटरवर. "काका, बायोडेटा काढायचाय." काढायचाय म्हणतात, एक्स-रे काढतात तसा. तुम्ही त्याला रिझ्युमे म्हणता, कुणी सीव्ही म्हणतं. आमच्याकडे अजून बायोडेटाच. पन्नास रुपयांत टायपिंग आणि दोन प्रिंट, फोटो चिकटवायला गोंद फुकट.

आधी माझा गुन्हा कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. पहिली कित्येक वर्षं मी एकच फाइल चालवली. वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', त्याखाली 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायरन्मेंट' वगैरे दीड ओळ. ते वाक्य मी एका गिऱ्हाइकाच्या जुन्या बायोडेट्यातून उचललं, त्यानं कुठून उचललं देव जाणे. स्ट्रेंग्थ: हार्ड वर्किंग, पॉझिटिव्ह अॅटिट्यूड. हॉबी: वाचन आणि क्रिकेट. शेवटी 'आय हिअरबाय डिक्लेअर'. नाव, पत्ता, मार्क बदलायचे आणि प्रिंट मारायची. एकदा घाईत वडिलांचं नाव बदलायचं राहिलं. गेटवर आधार कार्ड आणि बायोडेटा शेजारी धरून सिक्युरिटीवाल्यानं सगळ्या रांगेसमोर त्या पोराला विचारलं, "बाप कुणाचा आणलास रे?" संध्याकाळी तो दुकानात आला. भांडला नाही. पन्नास रुपये परत मागितले, मी दिले. रात्री शटर ओढण्याआधी ती फाइल डिलीट केली.

तेव्हापासून माझी पद्धत वेगळी आहे. पोरगं आलं की त्याला स्टुलावर बसवतो आणि तीनच गोष्टी विचारतो. कुठलं मशीन चालवलंस? त्यावर तू स्वतः काय काय करायचास? आणि बिघडलं की कुणाला हाक मारायचास? तिसऱ्या प्रश्नावर पोरं हसतात, पण खरं उत्तर तिथंच निघतं. 'सीएनसी (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर, दोन वर्षं' असं तर सगळेच सांगतात. मी विचारतो, ऑफसेट, म्हणजे टूल झिजलं की मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, कोण द्यायचं, तू की मशीन लावून देणारा सेटर? कुणी म्हणतं, "नाही काका, मी फक्त पार्ट लावायचो, दार लावायचं, सायकल स्टार्ट दाबायची." कुणी म्हणतं, "टूल मीच बदलायचो, ऑफसेटपण द्यायचो. सेटर नाइटला यायचाच नाही." आता या दोघांत किती अंतर आहे ते मी तुम्हाला काय सांगू, तुमच्या शॉपमध्ये रोज दिसतं. पण जुन्या फाइलमध्ये दोघं सारखेच होते, दोघांचीही हॉबी क्रिकेट होती.

म्हणून दुसऱ्याच्या बायोडेट्यात मी लिहिलं: 'नाइट शिफ्टला सेटरशिवाय मशीन सांभाळलं. इन्सर्ट बदलणे, वेअर ऑफसेट देणे, पहिला पार्ट मायक्रोमीटरनं तपासून मग चालू करणे.' साध्या मराठीत, चार ओळी. तो कागद तुमच्यापैकी एका ऑफिसातून परत आला. 'ऑब्जेक्टिव्ह नाही, फॉरमॅटमध्ये आणा.' मी मुकाट्यानं ते चॅलेंजिंग एन्व्हायरन्मेंट परत चिकटवलं. पोरगं लागलं कामाला. पण मला प्रश्न पडला तो पडलाच, की हा कागद मागतंय कोण, आणि कशासाठी?

याचं उत्तर मला माझ्याच दुकानातल्या दुसऱ्या धंद्यात सापडलं. मी लग्नाचेही बायोडेटे काढतो. वर श्री गणेश प्रसन्न, मग जन्मवेळ, रास, नाडी, गण, देवक, मामाचं गाव, शेती किती, भाऊ काय करतो आणि शेवटी 'अपेक्षा: अनुरूप'. या बायोडेट्याची आपण कितीही टिंगल केली तरी त्याची एक रीत आहे. मुलीचा बायोडेटा मुलाकडे गेला की मुलाचाही मुलीकडे येतो. मामाला फोन जातो, घर बघून येतात, गावात दोघाचौघांना विचारतात. एकाच बाजूनं सगळं उघडं करायचं आणि दुसरी बाजू पडद्याआड, असं कुणी केलं तर माणसं म्हणतात, काहीतरी लपवतायत.

तुमचा बायोडेटा मी पाहिलाय. तो आंबेठाण चौकात विजेच्या खांबावर लावलेला असतो. 'पाहिजेत! पाहिजेत! नामांकित कंपनीत मुले-मुली. १०वी, १२वी, आयटीआय, डिप्लोमा, कोणतीही पदवी. वय १८ ते २८. आकर्षक पगार. त्वरित संपर्क.' कंपनी नामांकित आणि नाव नाही! काम काय, प्रेस शॉपला की असेंब्लीला, बारा तास उभं राहायचं की आठ, बस कुठून मिळते, पगार हातात किती आणि त्यात ओव्हरटाइम धरलाय का, यातलं एक अक्षर नाही. खालचा मोबाइल नंबर कन्सल्टन्सीचा. तिथं गेलं की आधी फॉर्म फी पाचशे, मग युनिफॉर्म आणि सेफ्टी शूजचे वेगळे. माझ्या समोर बसलेल्या एका पोरानं आठवड्यात तीन ठिकाणी अशी फी भरली होती. तिन्ही ठिकाणी गेट एकच निघालं.

मग तो पोरगा बायोडेट्यात काय लिहिणार? समोर कोण आहे, त्याला काय हवंय, हेच ठाऊक नसेल तर माणूस सगळ्यांना चालेल असं लिहितो, आणि सगळ्यांना चालेल असं लिहिलेलं कुणालाच काही सांगत नाही. तुम्ही सेमिनारमध्ये म्हणता, आजच्या पिढीला स्वतःचं मार्केटिंग करता येत नाही. अहो, माल कुणाला विकायचाय हे दुकानदाराला माहीत नसेल तर तो पाटीवर 'येथे सर्व काही मिळेल' असंच लिहिणार.

पगाराचा रकाना तर मी हल्ली रिकामाच सोडतो. 'अपेक्षित पगार' समोर जास्त आकडा लिहिला की कागद बाजूला, कमी लिहिला की त्याच आकड्यावर माणूस घेतला जातो. मी एकदा गंमत म्हणून लग्नासारखं 'अनुरूप' लिहिलं होतं. त्या पोराला इंटरव्ह्यूला बोलावलं, बहुतेक हसायला. याबाबतीत मजूर अड्डा बरा म्हणायचा. सकाळी साडेसात-आठला चौकात गवंडी उभा असतो, पिशवीतून थापी आणि ओळंब्याची दोरी बाहेर दिसेल अशी धरून. रंगारी ब्रश वर काढून ठेवतो. हीच त्यांची जाहिरात. मुकादम गाडीवरून न उतरता विचारतो, काय येतं? लगेच दुसरा प्रश्न, किती घेणार? दोघांचा आकडा उजेडात, भर रस्त्यावर ठरतो. अड्ड्यावर पिळवणूक नाही असं मी म्हणत नाही, पुष्कळ आहे. पण निदान भाव आधी आणि काम नंतर.

आणि हे सगळं तुमच्या मर्जीवर सोडलेलं होतं असंही नाही. रिकाम्या जागा सक्तीनं कळवायचा कायदा १९५९ सालचा आहे. खासगी क्षेत्रात २५ किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर जागा भरण्याआधी रोजगार विनिमय केंद्राला कळवायचं. माणूस त्यांच्याकडूनच घ्या अशी सक्ती नव्हती, फक्त कळवायचं. आणि १९६० च्या नियमांत काय काय कळवायचं ते दिलं होतं: कामाचं स्वरूप, पात्रता, जागा किती, कायम की तात्पुरत्या, पगार आणि भत्ते, कामाचं ठिकाण, मुलाखत कुठं आणि कधी. म्हणजे तुमचा बायोडेटाच की! पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा विषय गेला, विनिमय केंद्राचं नाव करिअर सेंटर झालं. माझ्या काउंटरवर मात्र अजून कुणी असा भरलेला तक्ता झेरॉक्सला आणलेला नाही.

आता जिव्हारी लागणाऱ्या गोष्टीकडे येतो.

मागच्या महिन्यात एक पोरगा आला, बीड जिल्ह्यातला. आयटीआय फिटर, वय सव्वीस. पाच वर्षांत सहा कंपन्या. इंटरव्ह्यूला गेला की तुम्ही विचारता, "एवढ्या नोकऱ्या का सोडल्या? टिकत नाहीस का कुठं?" तो खाली मान घालतो. मी त्याच्या तारखा समोर मांडल्या. सात महिने. मग दोन-तीन महिने रिकामे. परत सात महिने. मग रिकामे. सहाही ठिकाणी सात-सात महिने, एखादा आठवडा इकडे-तिकडे. एवढा शिस्तीत कोण नोकरी सोडतं, साहेब?

सात महिने का, हे चाकणात चहावालासुद्धा सांगेल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम भरलं की ती सलग एक वर्षाची सेवा धरली गेली. तात्पुरत्या कामगाराला कायम करायचा प्रश्नही आपल्याकडे त्याच आकड्यापाशी उभा राहतो. म्हणून २१० दिवसांच्या आसपास माणसाला ब्रेक मिळतो. ब्रेक तुम्ही दिला, आणि तो दिसतो त्याच्या बायोडेट्यात. पुढच्या कंपनीतला एच.आर. त्याच ब्रेकवर बोट ठेवून त्याला अस्थिर ठरवतो, आणि पुन्हा सात महिन्यांसाठीच घेतो. पोरानं ब्रेक लपवला तर तो खोटारडा, दाखवला तर उडाणटप्पू. तुम्हीच सांगा, मी टाइप काय करू?

सध्या मी प्रत्येक कंपनीसमोर कंसात लिहितो, 'तात्पुरती नेमणूक, मुदत पूर्ण'. हे तीन-चार शब्द लिहिले की पोरं खुर्चीत जरा ताठ बसतात, हे मी पाहिलंय. एकजण म्हणाला, "काका, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं मलाच काढलं."

दुसरी अडचण पुराव्याची. काम केलं कंपनीत, पगार दिला कंत्राटदारानं, ओळखपत्र गेटवर परत घेतलं, आणि अनुभवाचं पत्र मागितलं तर 'नंतर ये'. नंतर गेलं तर कंत्राटदार बदललेला. तुम्ही मात्र विचारता, एक्स्पीरियन्स लेटर कुठाय? कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० सालचा. त्याखालच्या केंद्राच्या नियमांत कामावर घेतल्यापासून तीन दिवसांत कामाचं कार्ड आणि काम सुटताना सेवा प्रमाणपत्र द्यायला सांगितलं होतं. २०२० च्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेतही मागितल्यावर कंत्राटदारानं अनुभव प्रमाणपत्र द्यायचं, त्यात काय काम केलं तेही लिहायचं, असं आहे. अठरा वर्षांत असं प्रमाणपत्र लॅमिनेशनला माझ्याकडे किती आलं? दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकं.

मग मीच एक वाट काढलीय. पोराचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा नंबर, घालून पीएफच्या साइटवरून त्याची सर्व्हिस हिस्ट्री काढतो आणि बायोडेट्याच्या मागे टाचतो. बारा आकडी यूएएन २०१४ पासून आला, तेव्हापासून निदान तारखा तरी सरकारी कागदावर सापडतात. आस्थापनेचं नाव कंत्राटदाराचंच येतं, म्हणून शेजारी पेनानं लिहितो, प्रत्यक्ष काम अमुक कंपनीच्या अमुक लाइनला. आणि ज्यांचा पीएफ कापला, पण भरलाच नाही, त्यांची ती वर्षं कुठंच नाहीत. ती पोरं 'फ्रेशर' म्हणून परत रांगेत उभी राहतात, हाताला घट्टे घेऊन.

बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं, पण पत्र लांबतंय. एकच सांगतो. वायरिंग हार्नेसच्या लाइनवर नऊ वर्षं क्रिंपिंग, म्हणजे वायरच्या टोकाला पिन दाबून बसवायचं काम, केलेली एक ताई, वय छत्तीस. तिच्या बोटांना न बघता कळतं की वायर नीट बसली की नाही. तुमच्या जाहिरातीत अठरा ते अठ्ठावीस. ती मला म्हणाली, "भाऊ, जन्मतारीख जरा पुसट प्रिंट होईल का?"

आता त्या पोराची गोष्ट सांगतो, जिच्यामुळे हे पत्र लिहायला बसलो. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये 'जॉब' म्हणजे नोकरी नव्हे, हे तुमच्यातल्या फिटर-टर्नरमधून वर आलेल्यांना माहीत असेल. जॉब म्हणजे कानशीनं घासून बनवलेला तुकडा. मेल-फिमेल स्क्वेअर फिटिंगचा जॉब प्रत्येक फिटर करतो, पण नीट जमतो थोड्यांना. हा नांदेडकडचा पोरगा तेलाच्या चिंधीत गुंडाळून तो सोबत घेऊन आला होता. मी म्हटलं, दाखव. त्यानं दोन्ही तुकडे एकमेकांत बसवले. आवाज नाही, ढकलाढकल नाही, बोटानं हलकेच दाबलं तसा चौकोन खाचेत उतरला. मग जोडी ट्यूबलाइटकडे धरली आणि मला डोळा लावायला सांगितलं. फटीतून उजेड येत नव्हता. चौकोन काढून पाव फेरी फिरवून परत घातला, तरी नाही. चारही बाजूंनी फिरवून दाखवलं. "सरांनी वीसमधले अठरा दिले, काका. दोन मार्क कडा मारल्या नाहीत म्हणून कापले." कडा मारल्या नाहीत, म्हणजे धारदार कडा घासून बोथट केल्या नाहीत, हे त्यानं इतक्या मनापासून सांगितलं की मला वाटलं, याच्याकडून चूक झाली तर हा लपवणार नाही.

मी त्याचा बायोडेटा केला आणि म्हटलं, हा तुकडाच घेऊन जा, कागदाचं काय! तुमच्यापैकी एका गेटवर तो गेला. सिक्युरिटीनं चिंधी उघडून बघितली आणि लोखंड आत न्यायला बंदी म्हणून परत पाठवलं. पुढच्या ठिकाणी जॉब बाहेर केबिनमध्ये ठेवायला लावला, आत फक्त कागद गेला. आतल्या मॅडमनी विचारलं, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." त्याला येत नव्हतं असं नाही, माझ्याकडून पाठ करून गेला होता. पण तिसऱ्या वाक्याला अडकला. हाताला बोलायची सवय असलेला माणूस, त्याचे हात बाहेर केबिनमध्ये ठेवलेले.

तर माझं मागणं फार नाही. गेटच्या आत, सावलीत, एक व्हाइस, म्हणजे तुकडा घट्ट धरणारा शिकंजा, लावलेलं टेबल ठेवा. कानशी ठेवा, माप घ्यायचं व्हर्नियर ठेवा. वेल्डर असेल तर दोन पट्ट्या जोडून दाखवू दे, ऑपरेटर असेल तर बंद मशीनसमोर उभा करून विचारा, अलार्म आला तर आधी काय बघशील. अर्धा तास. तुमचा टूल रूमचा माणूस पाच मिनिटांत सांगेल, हा घ्या, हा नको. दर कागदाला मराठी-हिंदीत एक ओळीचं उत्तर पाठवा, 'नाही' असलं तरी चालेल. पोरं फोनकडे बघत बसतात हो, जेवणाच्या ताटावरसुद्धा. ज्यांना तुम्ही ब्रेक दिलाय त्यांना ब्रेकच्या दिवशीच प्रमाणपत्र द्या, काय काम केलं ते लिहून. आणि खांबावर लावताना कंपनीचं नाव, काम, पाळी, हातात पडणारा पगार आणि नेमणूक किती महिन्यांची, एवढं लिहा. सात महिन्यांची असेल तर सात लिहा. येणारे तरीही येतील, पण डोळे उघडे ठेवून येतील.

ही जाहिरात टाइप करायला वेळ नसेल तर माझ्याकडे पाठवा. मराठी, हिंदी दोन्हीत करून देईन, पैसे घेणार नाही. फक्त 'नामांकित' हा शब्द टाइप करणार नाही, तिथं नाव लागेल.

कळावे,
आपला,
चाकणचा एक झेरॉक्सवाला

ता. क. – तो नांदेडचा पोरगा सध्या एका गोदामात लोडिंगला आहे. जॉब खोलीवर गंजेल म्हणून माझ्याकडे ठेवून गेलाय. मी तो काउंटरवर बायोडेट्यांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवतो, दर रविवारी तेलाचं बोट फिरवतो. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं. बघायला येणार असाल तर व्हर्नियर घेऊन या.